खालच्या आळीच्या हवेची चावी

मी एक जुनी चावी आहे. कुलपाची नव्हे हं, मित्रांनो! खिशात खुळखुळणाऱ्या त्या चिमुकल्या चाव्यांशी माझं काही नातं नाही. नळाला पाण्याची चावी असते ना, तशी मी हवेची चावी. माझं चाक एवढं मोठं की ते फिरवायला दोन्ही हात पसरावे लागतात. एका बाजूला फिरवलं की खालच्या आळीत हवा जाते. दुसऱ्या बाजूला फिरवलं की जात नाही. झालं, एवढंच माझं काम.

तुम्ही म्हणाल, हवेला कशाला हवी चावी? तुमच्याकडे नसेल लागत. आमची वस्ती ज्या गोळ्यावर आहे तिथे उघड्यावर श्वास घ्यायला काहीच नाही. नुसती धूळ, दगड आणि दिवसाढवळ्याही काळंभोर आकाश. म्हणून इथली माणसं जमिनीच्या पोटात राहतात. वरच्या मजल्यांवर कचेऱ्या, शाळा, दवाखाना आणि काचेखालची बाग. सगळ्यात तळाला खाण, आणि खाणीला लागून खाणकामगारांची खालची आळी. त्या आळीत हवा नेणारा नळ एकच, आणि त्या नळावर मी.

माझा जन्म ओतशाळेतला. जे पहिलं जहाज माणसांना घेऊन इथे उतरलं त्याचा एक पाय उतरताना मोडला होता. तो वितळवून ओतारीणबाईंनी मला घडवलं. ऐन रस ओतताना बाईंना सणसणीत शिंक आली आणि माझ्या चाकाचा एक आरा वाकडा झाला. हाताखालच्या बायका हळहळल्या. बाई म्हणाल्या, "राहू द्या गं. हिला कधी अंधारात शोधायची वेळ आली तर हाताला लगेच ओळखू येईल." चूक झाकून नेणं असतं ते असं!

मला नळावर बसवलं आणि चावीवाली माझी मालकीण झाली. मालकीण म्हणजे काय, रोज सकाळी मला पुसणारी, वंगण घालणारी, माझ्याशी एकटीच बडबडणारी बाई. तिच्या कमरेला कायम एक जड पाना लटकत असे. खाणीच्या धुळीने नळाची जाळी गच्च भरली की ती झाडावी लागे, आणि झाडताना तेवढा वेळ हवा बंद ठेवावी लागे. मग आळीतली सगळी माणसं वर येऊन बसत. पण माणसांचा काय भरवसा? एखादा झोपलेला असतो, एखादी आजी "मला नाही यायचं" म्हणून हटून बसते. म्हणून आमच्या वस्तीत एक रीत होती. मला बंद करण्याआधी चावीवाली पान्याने नळावर तीन ठोके द्यायची आणि नळाला कान लावायची. खाली कुणी असलं तर त्याने हाताला येईल ते घेऊन नळावर उलट ठोकायचं. उत्तर आलं म्हणजे 'आहोत, थांबा.' उत्तर नाही म्हणजे आळी रिकामी. मग खुशाल चाक फिरवायचं.

उत्तर आल्यावर चाक फिरवलं असं कधी झालं नव्हतं. तसं होऊ शकतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

चावीवालीच्या दोन मुली माझ्याच खोलीत वाढल्या. थोरलीला सगळे ताई म्हणत, अगदी तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा, इतकी ती लहानपणापासून शहाणी. धाकटीचं नाव पडलं टिचकी, कारण पाना उचलवत नव्हता तेव्हापासून ती नळावर बोटाने टिचक्या मारी. एक बहीण आळीत उतरायची, एक माझ्यापाशी थांबायची, आणि नळातून त्यांचा खेळ चाले. टिचकी तीन ठोके देई. ताई तीन ठोके परत देई आणि शेवटी बोटाने एक हलकीशी टिचकी मारी. ती खास धाकटीसाठी. त्या टिचकीचा आवाज मला माझ्या वाकड्या आऱ्यात जाणवायचा.

दिवस गेले. ताई खाणीत लागली, तिथल्याच एका सुरुंगवाल्याशी लग्न करून खालच्या आळीत राहायला गेली. हे भाऊजी म्हणजे एक वल्ली! वर आले की मला सलाम ठोकत आणि म्हणत, "काय सासूबाई, बऱ्या आहात ना?" खऱ्या सासूबाई शेजारीच उभ्या असत. त्या पाना उगारत आणि भाऊजी पळ काढत.

टिचकी मात्र फौजेत गेली. फौज मूळ ग्रहाची, जिथून आमची माणसं आली तिथली. तिची छावणी अगदी वरच्या मजल्यावर होती.

"फौजेच्या बुटांसाठी चाललीस?" आईने विचारलं.

"खिडकीसाठी. आई, छावणीला खरीखुरी खिडकी आहे. बाहेर दिसतं त्यातून."

"बाहेर आहे काय बघायला?"

"तेच बघायचंय ना मला!"

मग वरच्या बागेतली झाडं वाळायला लागली. बागेला जास्त हवा लागते असं कचेरीने ठरवलं आणि ती कुठून आणायची हेही ठरवलं. मला थोडं थोडं आवळायचा हुकूम आला. चावीवालीने कुरकुरत आवळलं. खाली माणसांना धाप लागू लागली, मुलं जिने चढताना मध्येच बसू लागली. आळीने अर्ज केले, विनवण्या केल्या. पुन्हा हुकूम आला, अजून आवळा. त्या दिवशी खाणकामगारांनी अवजारं खाली ठेवली, आळीचा दरवाजा आतून लावून घेतला आणि सांगितलं, पूर्ण हवा मिळाल्याशिवाय एक दगडही वर येणार नाही.

वर त्याला बंड म्हणाले.

तुकडी माझ्या खोलीत आली तेव्हा चावीवाली माझ्या पायथ्याशी मांडी घालून बसली होती. पाना तिने पदराखाली घेतला होता. तुकडीचे साहेब सभ्य होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, मला कुणाला मारायचं नाहीये. म्हणून तर इथे आलो. थोडा वेळ हवा बंद केली की ते आपणहून दरवाजा उघडतील. एकही गोळी झाडावी लागणार नाही."

चावीवाली म्हणाली, "मग तुमचंच नाक दाबून बसा की थोडा वेळ. बघू कोण दरवाजा उघडतं ते."

एकदोन शिपाई हसले. साहेबांनी मान हलवली आणि दोघांनी तिला बसल्या मांडीनिशी उचलून बाजूला ठेवलं. पाना खाली पडला. मग साहेबांनी वळून पाहिलं. "चावी चालवता येते असं इथे कोण आहे?"

सगळ्यांना माहीत होतं कोण आहे. तुकडीतून टिचकी पुढे आली. तिने पाना उचलला.

"आधी ठोका द्यावा लागतो, साहेब."

"दे की."

तिने तीन ठोके दिले. नळाला कान लावायची गरजच पडली नाही. खालून तीन ठोके आले. त्यांच्यामागून एक हलकीशी टिचकी.

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"आहेत म्हणतायत."

"ते तर आपल्याला माहीतच आहे," साहेब म्हणाले. "बंद कर."

कोपऱ्यातून आई म्हणाली, "टिचके, उत्तर आलंय गं." एवढंच म्हणाली.

टिचकीने वाकडा आरा धरला आणि मला फिरवलं. मी फिरले. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मी करकरले असेन, अडले असेन. गोष्टींत तसं होतं. मला रोज वंगण मिळत होतं. मी अगदी सहज फिरले.

खालून ठोके येत राहिले. टिचकीने विचारलं, "उघडू?" साहेब म्हणाले, "थांब. येतील बाहेर." बऱ्याच वेळाने तिने पुन्हा विचारलं. "थांब," ते म्हणाले. आळीतली माणसं त्यांना वाटली होती त्यापेक्षा हट्टी निघाली. नळातले ठोके विरळ झाले. मग नुसत्या टिचक्या आल्या. मग त्याही आल्या नाहीत. मला काही वाटलं नाही. मी लोखंड आहे. नळातून हवा जात नव्हती, एवढं मला कळत होतं.

शेवटी दरवाजा उघडला. भाऊजींनी आतून उघडला आणि ताईला उचलून बाहेर आणून टाकलं. मग ते आणखी माणसं आणायला आत गेले. आणलीही बरीच. शेवटच्या वेळी गेले ते आले नाहीत. आळीच्या टोकाच्या घरांमधून तर कुणीच आलं नाही.

त्यानंतर माझं कौतुक झालं! मला निळा रंग दिला. माझ्या बैठकीवर चकचकीत पाटी बसवली: 'येथे एकही गोळी न झाडता बंड शमवण्यात आले.' टिचकीला पदक मिळालं आणि तसलीच एक फीत माझ्याही चाकाला बांधली. शाळेच्या सहली मला बघायला येत. एकदा रांगेतल्या एका मुलीने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "बाई, मग खाली माणसं कशाने मेली?"

बाई म्हणाल्या, "रांगेत चला."

टिचकी रोज घरी जात होती. आई तिला ताट वाढायची आणि म्हणायची, "जेवून घे." त्याशिवाय मरेपर्यंत आईने दुसरं काही म्हटलं नाही. एक दिवस टिचकीने वाफेचा नळ मुठीत धरला आणि तशीच उभी राहिली. कातडी करपल्याचा वास आल्यावर दुसऱ्या शिपायाने तिला ओढलं. तिच्या हातांना काही जाणवेनासं झालं होतं, ना गरम, ना गार. डॉक्टरने सुया टोचून पाहिल्या आणि म्हणाला, "हात ठणठणीत आहेत."

पुढे खालची माणसं आणि वरच्या कचेरीतले कारकून एकत्र उठले, कारण तोवर कारकुनांचीही हवा कमी झाली होती. मूळ ग्रहाला आमच्या दगडांपेक्षा आमची कटकट महाग पडू लागली. फौज परत निघाली. जहाजाच्या रांगेत टिचकीही होती. रांग पुढे सरकली. ती सरकली नाही. मागचे तिला वळसा घालून गेले आणि जहाजाचं दार लागलं.

आता वस्ती आमची आमची झाली. माझी पाटी छिन्नीने उचकटली, तिची भोकं अजून आहेत. येणारेजाणारे माझ्यावर थुंकायचे. मला वितळवायचं ठरत होतं, पण दुसरी चावी ओतायला धातू नव्हता. आणि मला हात लावायलाही कुणी तयार नव्हतं. वस्तीच्या सभेत मागून कुणीतरी म्हणालं, "बसवा तिलाच. तिचंच आहे ते." अशी टिचकी चावीवाली झाली. खुंटीवरचा आईचा पाना तिने कमरेला लावला.

आणि मग खरी पंचाईत झाली, मित्रांनो. जाळी झाडायचा पहिला दिवस आला. आळीतली माणसं वर येऊन बसली. टिचकीने तीन ठोके दिले, कान लावला. शांतता. रीतीप्रमाणे शांतता म्हणजे आळी रिकामी. पण त्या दिवसानंतर आळीत कुणी ठोक्याला उत्तरच देत नव्हतं. कशाला देतील? उत्तर देऊन काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे खाली कुणी नाही म्हणून शांतता आहे की कुणी आहे आणि बोलत नाहीये, हे कळायला मार्गच उरला नव्हता.

टिचकीने नळापासून कान काढला. मग पाना कमरेला लावून जिना उतरली. घरोघर गेली. प्रत्येक दार उघडून, खोलीभर बघून, खाटांखाली वाकून परत वर आली आणि मगच तिने मला बंद केलं. पुढच्या वेळीही तसंच, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. वर बसलेली माणसं तिला बघून तोंड फिरवायची. ताई आपलं दार सताड उघडं टाकून जायची, म्हणजे टिचकीला ते उघडायलासुद्धा लागू नये. आत एकच खाट, एकच पेला. इतक्या वर्षांत ताई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. टिचकी म्हातारी होत चालली. माझा निळा रंग पोपडे धरून गळाला. मलाही कुणी विचारत नव्हतं आणि तिलाही नाही. आम्ही दोघी बऱ्या होतो. बऱ्या म्हणजे, दुखत काही नव्हतं.

गेल्या मोसमात धुळीचं वादळ आलं. बाहेरची धूळ कुठून कुठून आत घुसली आणि माझी जाळी अशी काही भरली की जवळजवळ बुजलीच. जाळी लगेच झाडली नसती तर ती फाटून सगळी धूळ आळीत उतरली असती. आळी घाईघाईने रिकामी झाली. पण नेमकी टिचकी जिन्यावरून घसरली आणि तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. तिला जेमतेम माझ्यापर्यंत आणलं. बरोबर वस्तीच्या अध्यक्षीणबाई होत्या. स्वभावाने चांगल्या, पण घाईच्या.

टिचकीने ठोके दिले. शांतता.

"नाही ना उत्तर? मग फिरवा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"कुणीतरी खाली जाऊन बघून या आधी."

"अहो, वेळ कुठे आहे? जिन्यात धूळ भरलीय, माणूस गुदमरेल. सगळे वर आलेत."

"मोजलेत?"

"या गोंधळात कोण मोजणार! आवाज नाही म्हणजे कुणी नाही. तुमचीच रीत ना ही? बंद करा. मी सांगतेय ना!"

टिचकीचे हात चाकावर होते. तिने ते काढले. मग भिंतीला धरून, कण्हत, सुजला पाय पुढे पसरून ती माझ्या पायथ्याशी बसली, बरोबर तिची आई बसली होती त्या जागी. पाना तिने पदराखाली घेतला.

"मला उचलून बाजूला ठेवा आणि तुम्ही फिरवा," ती म्हणाली. "मी शांततेवर नाही फिरवणार."

"जाळी फाटली तर?"

"धूळ काढता येते हो."

कुणीच तिला उचललं नाही. तिने बसल्या बसल्या ठोकायला सुरुवात केली. तीन ठोके, कान. तीन ठोके, कान. माझ्या जाळीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. अध्यक्षीणबाई येरझारा घालत होत्या. टिचकीच्या तळव्यातून रक्त आलं, तिला कळलं नाही, पाना निसटायला लागला तेव्हा तिने खाली पाहिलं. हात पुसले. पुन्हा तीन ठोके, कान.

आणि माझ्या वाकड्या आऱ्यात काहीतरी हललं.

खालून तीन ठोके आले होते. त्यांच्यामागून एक हलकीशी टिचकी.

अध्यक्षीणबाईंच्या येरझारा थांबल्या. टिचकीने कपाळ नळाला टेकलं आणि तशीच राहिली.

तोंडाला ओलं फडकं बांधून, धुळीने पांढरीफटक झालेली ताई जिना चढून आली. उंबऱ्यात उभी राहून खोकली. फडकं सोडलं.

"किती ठोकशील! कान किटले माझे."

"होतीस खाली?" टिचकीने विचारलं.

"होते."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. बसून ऐकत होते."

"मी फिरवलं असतं तर?"

"तर तू अजून तीच आहेस हे मला कळलं असतं," ताई म्हणाली.

ताईने फडक्याने तोंडावरची धूळ पुसली. मग ताईनेच विचारलं, "त्या दिवशी ऐकली होतीस ना माझी टिचकी?"

"ऐकली होती."

"मग?"

टिचकीने आपल्या हातांकडे पाहिलं. "हुकूम होता म्हणू शकते. हात आपोआप चालले असंही म्हणू शकते. पण ऐकली होती, ताई. स्वच्छ ऐकली होती."

ताईने मान हलवली. "मी माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"हं. ऊठ आता, जाळी फाटतेय. अजून खाली कुणी नाही. वर येताना मी सगळी घरं बघून आलेय." आणि ती सरळ माझ्याकडे आली, वाकड्या आऱ्याची पलीकडची बाजू तिने धरली, कारण टिचकीला एकटीला उभंही राहवत नव्हतं. दोघींनी मिळून मला फिरवलं. मी फिरले. जाळी झाडली. मग दोघींनी मिळून मला उघडलं.

जाताना ताई न वळता म्हणाली, "यापुढे नुसता ठोका दे. मी असले तर उत्तर देईन. गुडघा घेऊन घरोघर फिरू नकोस, बघवत नाही."

तेव्हापासून ती उत्तर देते. आता हळूहळू आळीतले दुसरेही देतात. टिचकीचे हात मात्र आहेत तसेच आहेत. परवाच तिने गरम पेला धरला आणि तिला कळलं नाही. ताई ओरडली, "अगं, भाजतंय!" तेव्हा तिने तो खाली ठेवला. ताई तिच्या तळहाताला मलम लावते. माफीचा एक शब्द बोलत नाही, पण लावते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या आत्मवृत्ताच्या शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, वंगण घाला, भंगारात टाकू नका. मला वंगण भरपूर मिळालं. त्यानेच मी त्या दिवशी इतकी सहज फिरले. तेव्हा माझी विनंती वेगळी आहे. मी कुणाच्याही हाताने फिरते. मला थांबता येत नाही, मला कुणी तसं घडवलंच नाही. तुम्हाला येतं. उद्या तुमच्या हातात कसलंही चाक आलं आणि शेजारून कुणी शांतपणे म्हणालं, "फिरव," तर आधी ठोका द्या, कान लावा. खालून कुणी 'आहोत' म्हणालं, तर चाक सोडून तिथेच मांडी घालून बसा. तुम्हाला उचलून बाजूला ठेवतील कदाचित. ठेवू देत.

चला, सकाळ झाली, आज जाळी झाडायचा दिवस. टिचकी पाना घेऊन आलीय. आता ती तीन ठोके देईल आणि आम्ही दोघी ऐकत राहू.